तळातलं दाट

मी डवली. पळी नव्हे, डाव नव्हे, तुमच्या स्टीलच्या सेटमधला मोठा चमचाही नव्हे. नारळाची अर्धी करवंटी आणि तिच्यात खोचलेला बांबूचा दांडा, एवढाच माझा जीव. आज मी जे बोलणार आहे ते रागानं बोलणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना गोड ऐकायचं असेल त्यांनी साखरेच्या डब्यातल्या चमच्याकडे जावं.

जन्म माझा समुद्रकाठच्या दातिवऱ्याचा. आत्माराम नावाच्या म्हाताऱ्याच्या अंगणात झाला. गुडघे गेल्यावर त्याचं होडीवर जाणं सुटलं, तेव्हापासून तो करवंट्या घेऊन बसायचा. फुटक्या बाटलीच्या काचेनं त्यानं मला आतून-बाहेरून इतकं खरवडलं की शेवटी मी आरशासारखी गुळगुळीत झाले. मग दोन भोकं पाडली, दांडा घातला आणि बायकोच्या कालवणाच्या मडक्यात मला बुडवून पाहिलं. बायको हसली. तो म्हणाला, "वरून घेतलीस तर पानी, तळातून घेतलीस तर मासळी. डवलीचा दोष नाय. जिचे हातात डवली तिचे हातात घर."

म्हातारं माणूस, बोलून गेलं. पण त्या एका वाक्याचा अर्थ कळायला मला दोन घरं बघावी लागली.

पहिलं घर बोईसरचं. बचत गटांच्या प्रदर्शनात उत्कर्षा नावाच्या बाईनं मला उचललं. मूळची जळगावकडची. नवरा तारापूरच्या एका कारखान्यात, आणि ती बी. कॉम. होऊन घरी. वाटलं, चला, आता चुलीवर नाही तर गॅसवर तरी रांधण्यात आयुष्य जाईल. कसलं काय. तिनं मला हॉलमधल्या भिंतीवर खिळ्याला टांगलं, शोभेला. शेजारी वारली चित्राची चौकट. चित्रातल्या बायका गोल धरून नाचत होत्या आणि येणारा पाहुणा त्यांचं कौतुक करून जात होता. त्याच जमातीची एक खरी बाई, जमुना, रोज सकाळी त्या चित्राखालून मोरीत भांडी घासायला जायची. तिच्याकडे बघून कुणी म्हणालं नाही की वा, काय सुंदर. तिला फक्त म्हणायचे, चप्पल बाहेर काढ.

उत्कर्षाचा मुलगा मेहुल. नुकताच चालायला लागलेला, गोरापान. आधी मलाही तो गोराच वाटला. मग लक्षात आलं की पोरगं गोरं नाही, पांढरं आहे. सकाळी दुधात बुडवलेली बिस्किटं, दुपारी दुधाची बाटली, संध्याकाळी पुन्हा बिस्किटं, आणि समोर मोबाईल. मोबाईल लावला की तोंड उघडायचं, बंद केला की मिटायचं. सासूबाई जळगावहून फोन करायच्या, "बाळाला दूध भरपूर पाज गं, अंगाला लागतं." ही पाजायची.

आता तुम्ही म्हणाल, शिकलेली आई होती की. होती ना. ताळेबंद मांडायला शिकवलं होतं तिला, लेकराचं ताट कसं वाढायचं हे कुठल्या वर्गात शिकवतात? मी खिळ्यावरून सगळं बघत होते. एक दिवस मेहुल माझ्याखाली येऊन भिंतीचा रंग नखानं खरवडून खायला लागला. उत्कर्षानं पाठीत धपाटा घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मात्र ती घाबरली आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही पोराच्या, दूध-बिस्किटावर ठेवलंय तुम्ही त्याला. पहिल्यांदा तिला रागच आला. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "मला अडाणी समजतात का ते?" पण रात्रभर तिला ते टोचत राहिलं असणार, कारण सकाळी ती पुन्हा दवाखान्यात गेली आणि विचारून आली. दूध का कमी करायचं, डाळ का, अंडं का, पालेभाजी किती. परत आली ती सासूबाईंना फोन लावूनच.

"आई, मी आता बिस्किट देणार नाही."

तिकडून काहीतरी बराच वेळ ऐकू आलं.

"हो, मला कळतं. विचारून आलेय मी," उत्कर्षा म्हणाली आणि फोन ठेवून ओट्याशी उभी राहून रडली. मग डोळे पुसून मुगाची दाट खिचडी केली. वाढायला हाताशी काही सापडेना तेव्हा खिळ्यावरून मला ओढलं, धुतलं आणि खिचडीत घातलं. माझ्या जन्माचं सार्थक झालं त्या दिवशी. काही महिन्यांत मेहुलच्या गालांवर रंग आला आणि भिंत वाचली.

कॉलेजनं उत्कर्षाला पोषण शिकवलं नव्हतं. 'का' विचारायला शिकवलं होतं, आणि पटलं नाही तर 'नाही' म्हणायला. तेवढं पुरलं. शिवाय वाढणारी तीच होती. सासू जळगावला, डवली हिच्या हातात.

हे सगळं जमुना मोरीतून ऐकत होती. तिची दीपा उंबऱ्याशी बसलेली असायची, मेहुलपेक्षा काही महिन्यांनी मोठी आणि दिसायला त्याच्या निम्मी. गप्प पोर. रांगत नव्हती, हट्ट करत नव्हती. उत्कर्षा म्हणायची, "किती शहाणी आहे गं तुझी मुलगी." शहाणी कसली. रडायलाही अंगात ताकद लागते.

एक दिवस उत्कर्षानं जमुनाला ओट्याशी बोलावलं आणि चमच्यात खिचडी घेऊन दाखवली. "हे बघ. चमचा तिरका केला आणि ओघळून गेलं, तर ते पाणी. चिकटून राहिलं, तर ते जेवण. दीपाला असं दे. वर थोडं तेल. सुकट असते ना तुमच्याकडे? कुटून टाक त्यात."

जमुना मान हलवत राहिली. डोळ्यांत मात्र असं काही लकाकलं की मला वाटलं, बाई, हिला पटलंय. जाताना उत्कर्षानं मला धुऊन पुसून तिच्या हातात दिलं. "ही घेऊन जा. हिनंच मेहुल सुधारला माझा."

मी तर हरखून गेले. बोईसरजवळच्या उमरोळीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला जमुनाचा पाडा. कुडाचं घर, स्वच्छ सारवलेलं. पावसाळ्यात खाचरात भात, उतारावर नागली, आणि बाकीचं वर्षभर नवरा चिंतू कारखान्याच्या गोदामात गोणी उचलायचा. चुलीवर पेजेचं टोप होतं आणि चुलीशी बसली होती जमुनाची सासू, पारू.

"ब्येस आनलीस," पारू म्हणाली. "माजी मोडली व्हती." आणि तिनं हात पुढे केला.

जमुनानं मला तिच्या हातात दिलं. बस. तिथंच सगळं ठरलं. त्या घरात रांधायची सून आणि वाढायची सासू. सुनेनं टोपाला हात लावायचा तो ठेवायला आणि उतरवायला.

आता पेज कशी असते ते ऐका, शहरातल्यांना सांगते. टोप थोडा वेळ ठेवलं की कण तळाला बसतात आणि वर राहतं ते निवळ पाणी, पांढुरकं, कोमट. पारू मला आधी तळापर्यंत घालायची, दाट उपसायची, ते चिंतूला. गोणी उचलतो, त्याच्या पोटाला आधार पाहिजे. मग थोडं स्वतःला. मग दीपासाठी मला वरवर अलगद बुडवायची, जणू साय काढतेय, आणि निवळ वाटीत ओतायची. जमुनाला उरेल ते.

म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे आडात होतं हो. पोहराच वरच्यावर फिरवून आणत होते, आणि तो पोहरा मी होते. माझ्या पोटात रोज ते पाणी भरलं जायचं आणि मला ते ओकून टाकावंसं वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात जमुनानं एकदा धीर केला. "आये, दीपाला जरा तळातला घाल ना. ताई सांगत व्हती का…"

"तुजी ताई बोईसरची," पारू शांतपणे म्हणाली. "माजा पयला पोऱ्या ठावा नाय तुला. हागवन लागली व्हती त्याला. समदे बोलले, पान्यावर ठेव. ठेवला. मग मलाच राहवला नाय, एके सांजेला दाट नागली भरवली. सकाळी गेला." तिनं मला टोपाच्या काठावर टेकवलं. "तवापासून या घरात दाढा आल्याबिगर पोराला दाट नाय. चिंतू निवळीवरच वाढला."

चिंतू मान खाली घालून जेवत होता. "आये म्हनते तसा कर," एवढंच बोलला. दिवसभर गोणी उचललेला माणूस, त्याला भांडण नको होतं. जमुनानं निवळीची वाटी पोरीच्या तोंडाला लावली.

मला पारूचाही राग आला होता. खोटं कशाला बोलू? पण ती पोर मारायला बसली नव्हती. आपल्या हातानं एक गेला असं समजून ती दुसऱ्याला जपत होती. जपून जपून उपाशी ठेवत होती. तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की पोर शेवटच्या घासानं जात नाही, आधीच्या उपासानं आणि हागवणीनं जातं. सांगणार कोण? पारूनं शाळेची पायरी बघितली नाही. आणि जमुनानं बघितली होती, तर तिला खाली उतरवलं. आश्रमशाळेत होती पोरगी, हुशार होती म्हणे. पाठीवर भाऊ झाला आणि बाप येऊन घेऊन गेला, भावाला सांभाळायला. पोर सांभाळायला पोरीची शाळा सोडवायची. म्हणजे आई होण्याच्या कामाला लावायची, आणि आई व्हायला जे लागतं ते शिकायच्या आधीच उठवायची. वर पुन्हा म्हणायचं, आई अडाणी.

दिवस गेले. दीपाचे दंड काटक्या झाले, केस तांबूस पडले. आणि मग एक गंमत झाली. गंमत म्हणते मी, जीभ जळो माझी. दीपाचं अंग भरायला लागलं. पाय गुबगुबीत दिसायला लागले, चेहरा गोल झाला. पारूनं पोरीला मांडीवर घेऊन शेजारणीला बोलावून दाखवलं. "बग, अंग धरला पोरीनं. निवळीनं भरली." जमुना पण हसली. कितीतरी दिवसांनी हसली ती. मनातल्या मनात म्हणाली असेल, चला, सासू खरी ठरली, मीच उगाच घाबरत होते.

पण पोर हसत नव्हती. निवळसुद्धा नको म्हणायला लागली. जमुनानं कामावर जाणं सोडलं. दोन-चार दिवस वाट बघून उत्कर्षा स्कूटरवरून पाड्यात आली. पारूनं मोठ्या मानानं पाट दिला आणि नात पुढे केली. "बगा ताई, कशी भरली."

उत्कर्षानं दीपाला उचलून घेतलं आणि तिच्या पायावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला, मळलेल्या पिठात पडतो तसा. आपल्या आजीचे पाय मरायच्या आधी असेच सुजले होते म्हणाली.

"हे अंग नाही, सूज आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "जमुना, मी काय सांगितलं होतं तुला? चमच्यात धरून दाखवलं होतं. डवलीसुद्धा दिली. तुम्हाला कळतं पण वळत नाही."

मी कुडाला टांगलेली होते. असं वाटलं की खिळ्यासकट जाऊन उत्कर्षाच्या पायाशी पडावं. वळत नाही म्हणे. वळायला मनगट आपलं लागतं, बाई.

आणि तेव्हा जमुना बोलली. मोठ्यानं नाही. "ताई, तुमचे घरात वाढतं कोन?"

उत्कर्षाला आधी कळलंच नाही.

"तुमी वाढता. डवली तुमचे हातात व्हती. माजे हातात येक दिवस पन नाय."

उत्कर्षानं चुलीकडे बघितलं, पारूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिनं तोंड मिटलं. हे तिचं मी मान्य करते, तिनं तोंड मिटलं आणि स्कूटर चालू केली. जमुना पोरीला पदरात घेऊन मागे बसली. दोघी पालघरच्या दवाखान्यात गेल्या.

दीपा तिथं बरेच दिवस होती. चिंतू येऊन-जाऊन सांगायचा. आधी सांगितलं, अवघड हाय. मग सांगितलं, डोळे उघडते. मग एकदा म्हणाला, रडते, लय रडते, आणि हे सांगताना त्याच्या तोंडावर हसू होतं. पारू ऐकून घ्यायची आणि मला टोपात घालायची. वाढून झालं की सवयीनं वरचं थोडं निवळ बाजूला काढून ठेवायची, आणि पिणारं कुणी नाही हे आठवलं की पुन्हा टोपात ओतायची.

पोर घरी आली तेव्हा सूज उतरलेली होती. सूज उतरली म्हणजे खालचं खरं अंग दिसायला लागलं, आणि ते काय होतं, हाडं आणि कातडी. डोळे मात्र जिवंत होते. पारूनं तिला बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"माजी भरलेली पोर सुकवून आनली," ती म्हणाली.

संध्याकाळ झाली. टोप उतरलं, पेज निवली. पारूनं चिंतूचं ताट वाढलं, मग दीपाची वाटी पुढे ओढली आणि मला वरवर बुडवायला धरलं. दवाखान्यातून वाचून आलेली पोर, आणि मी पुन्हा त्याच पाण्यावर. मला बोलता आलं असतं तर मी किंचाळले असते.

जमुनानं हात पुढे केला. "आये, डवली हिकडं दे."

"वाढायचा मान माजा हाय."

"नाय," जमुना म्हणाली.

त्या घरात हा शब्द त्या बाजूनं कधी आलाच नव्हता. पारूनं मूठ आवळली. तिनं मला सोडलं नाही. जमुनानं करवंटी धरली, पारूनं दांडा. चिंतू म्हणाला, "आये…" ओढाताणीत आत्मारामानं घातलेला दांडा निसटला. तो पारूच्या हातात राहिला आणि मी टोपात पडले, पडले ती सरळ तळाला गेले.

जमुनानं कोमट पेजेत कोपरापर्यंत हात घातला आणि मला वर काढलं. काठोकाठ दाट भरलेली. तिनं मला तिरकं केलं, ओघळतंय का बघितलं. ओघळत नव्हतं. वर तेलाची धार सोडली आणि बोटानं दीपाला घास दिला. पोरीनं बोटसुद्धा चावलं.

पारू भिंतीकडे तोंड करून बसली. तिच्या लेखी तिनं हे आधी एकदा बघितलं होतं आणि सकाळी काय होतं ते तिला माहीत होतं. पोर झोपली तशी ती तिच्याजवळ सरकली आणि तिच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली. कुणी तिला ऊठ म्हणालं नाही. सकाळी दीपा उठली आणि मला शोधत रांगत चुलीपाशी आली.

आता माझी कथा अशी आहे की मला दांडा नाही. चिंतूनं नवा बांबू तासून आणला होता, पण दीपा मला सोडत नाही. तिचं ताट मीच, तिची वाटी मीच, भूक लागली की मला जमिनीवर आपटते आणि सगळं घर उठवते. वाढायला आता स्टीलचा डाव आहे. तो जमुनाच्या हातात असतो आणि तळापर्यंत जातो.

राग गेला का माझा? नाही गेला. का जावा? उद्या कुठलीतरी पोरगी पुन्हा शाळेतून उठवून आणतील, भावाला सांभाळ म्हणून. मग ती आई होईल, आणि तिच्या अंगणात उभं राहून कुणीतरी शिकलेलं माणूस म्हणेल, कळतं पण वळत नाही. तेव्हा पोरीला शाळेत बसू द्या, आणि ती शिकून घरात आली की तिच्या हातात डवली द्या. नुसतं एक करून भागत नाही, मी दोन्ही घरं बघून सांगतेय. शोभेला भिंतीवर टांगायचं असेल तर दुसरं काहीतरी टांगा.

परवा पारू मला घासत बसली होती. राख लावून, हळूहळू, आतून-बाहेरून. दीपा अंगणात कोंबडीमागे धावत होती. धावत होती, बरं का. पारूचे हात थांबले.

"जमुना," ती म्हणाली, "हिला दाटानं काय नाय झाला."

"नाय आये."

"मंग माजा पोऱ्या कशानं गेला?"

जमुनाला उत्तर माहीत होतं. दवाखान्यात तिनं ते विचारून घेतलं होतं. तिनं पारूच्या हातातून मला घेतलं, पाण्यानं धुतलं, आणि म्हणाली, "मला नाय ठाव, आये."